रिचमंड पार्कला येताय? हरणं, म्हातारे ओक आणि पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

मुलांकडे लंडनला आलेल्या आईवडिलांना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात राजवाडे आणि म्युझियमं यांचा कंटाळा येतो. मग कुणीतरी म्हणतं, "जवळ ते हरणांचं पार्क आहे ना, तिथे नेऊन आण." मी नैऋत्य लंडनमध्ये राहत असल्यामुळे ही कामगिरी बहुतेक वेळा माझ्याकडे येते. दर वेळी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत.

हे पार्क म्हणजे नक्की काय? बाग, जंगल की प्राणिसंग्रहालय?

तिन्ही नाही. सुमारे 955 हेक्टरचं हे मोकळं गवताळ माळरान आहे. मधे मधे झाडांचे राखीव तुकडे, नेच्याची रानं, दोन मोठी तळी आणि भोवती आठ मैलांची विटांची भिंत. हरणं पिंजऱ्यात नाहीत, कुठल्याही कुंपणापलीकडे नाहीत. तुम्ही आणि ती एकाच माळावर असता. लंडनच्या राजेशाही उद्यानांत हे सगळ्यात मोठं. राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र म्हणूनही त्याला दर्जा आहे.

मात्र याला अभयारण्य समजून येऊ नका. ताडोब्यात सांबर दिसलं तर ते वाघापासून जपून जगणारं सांबर असतं. इथली हरणं राजानं शिकारीसाठी कोंडलेल्या कळपांचे वंशज आहेत. इथलं निसर्गसौंदर्य मला मनापासून आवडतं, पण ते पावणेचारशे वर्षांच्या माणसाच्या देखरेखीतून आलेलं आहे, हे विसरून पाहिलं तर अर्धंच दिसतं.

कोणत्या राजानं? आणि भिंत कशासाठी?

पहिला चार्ल्स. 1625 साली लंडनमध्ये प्लेगची साथ होती, तेव्हा त्यानं आपला दरबार रिचमंडच्या राजवाड्यात हलवला. शिकारीचा नाद होताच. आजूबाजूची जमीन मात्र सगळी त्याची नव्हती. काही लोकांची शेतं होती, काही गायरान होतं. तरीही 1637 साली त्यानं भिंत घालून हरणं आत कोंडली. लोक चिडले. लाकूडफाट्याचा आणि पायवाटांचा हक्क त्यानं राहू दिला, तेवढंच. पुढे 1649 मध्ये याच राजाचा संसदेच्या बाजूनं शिरच्छेद झाला. पार्क काही वर्षं लंडन शहराच्या ताब्यात गेलं आणि 1660 मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आल्यावर पुन्हा राजघराण्याकडे आलं.

मला खरी आवडते ती त्यापुढची गोष्ट. 1751 पासून पार्कची व्यवस्था राजकन्या अमेलियाकडे होती. तिनं दरवाजे बंद करून फक्त ओळखीपाळखीच्या, परवाना असलेल्या लोकांनाच आत सोडायला सुरुवात केली. रिचमंडमधल्या जॉन लुईस नावाच्या बिअर बनवणाऱ्या व्यावसायिकानं तिच्याविरुद्ध कोर्टात दावा लावला आणि 1758 साली जिंकला. (त्याच साली इकडे राघोबादादांच्या फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या होत्या. तारखा डोक्यात ठेवायला मला हे सोपं पडतं.) भिंतीत दार हवं की भिंतीवरून शिडी, असं त्याला विचारलं, तर त्यानं शिडी मागितली. दारातून हरणं बाहेर जातील, शिवाय दार म्हटलं की ते कुणीतरी लावून घेणार. मग शिडीच्या पायऱ्या मुद्दाम लांब लांब ठेवल्या गेल्या. गडी पुन्हा कोर्टात गेला, आणि म्हाताऱ्या बायकांनाही चढता येईल अशी शिडी करा, असा हुकूम घेऊन आला. तुम्ही आज फुकट आत जाता ते या माणसामुळे.

म्हणजे तिकीट नाही?

नाही. प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

कसं पोहोचायचं?

वॉटर्लू स्टेशनहून रिचमंडला ट्रेन साधारण वीस मिनिटांत येते; भुयारी रेल्वेची डिस्ट्रिक्ट लाइनही तिथेच संपते. स्टेशनवरून रिचमंड गेटपर्यंत चढाचा रस्ता आहे, चालत अर्धा तास धरा. गुडघे दुखत असतील तर 371 नंबरची बस घ्या. 65 नंबरची बस खालच्या पीटरशॅम गेटजवळ सोडते, पण तिथून आत शिरल्या शिरल्या टेकडी चढावी लागते. पहिल्यांदा येणाऱ्याला मी तिकडून कधीच नेत नाही.

हरणं नक्की दिसतील का? सासूबाई दोनदा विचारत आहेत.

दिसतील. सुमारे 630 हरणं आहेत आणि पार्क उघडं आहे. सकाळी लवकर किंवा दिवस कलताना जास्त हालचाल असते. भर दुपारी उन्हात ती नेच्यात बसून रवंथ करतात आणि फक्त शिंगांची टोकं वर दिसतात. अर्ध्या तासात काहीच दिसलं नाही असं माझ्या बाबतीत क्वचितच झालंय. रस्त्यावर गाड्या थांबलेल्या दिसल्या की समजायचं, कळप रस्ता ओलांडतोय.

दोन वेगळ्या जातींची वाटतात. त्या कोणत्या?

बरोबर ओळखलंत. मोठं, तांबूस-तपकिरी, सांबरासारखं दिसणारं ते रेड डिअर. त्याच्या नराची शिंगं फांद्यांसारखी फुटत जातात. लहान आणि उन्हाळ्यात अंगावर पांढरे ठिपके असणारं ते फॅलो डिअर. आपल्याकडच्या पाहुण्यांच्या तोंडून याला पाहताच "अगं, चितळ!" असं निघतंच. चितळ नाही ते. नराची शिंगं बघा, पंजासारखी पसरट असतात; चितळाची तशी नसतात. फॅलोमध्ये काळपट आणि जवळजवळ पांढरीही हरणं असतात. रेड डिअर इथलं मूळचं, फॅलो बाहेरून आणलेलं; पण त्यालाही इतकी शतकं झाली की आता त्याला पाहुणा म्हणणं बरं दिसणार नाही.

दोन्ही सारंग कुळातली, म्हणजे चितळ, सांबर, भेकराची भाऊबंद. काळवीट आणि चिंकारा हे कुरंग, त्यांची शिंगं जन्मभर टिकतात. सारंगांची शिंगं दर वर्षी गळतात आणि नवी येतात. इथे वसंतात नर बोडके दिसतात, आणि उन्हाळ्यात नव्या शिंगांवर मखमलीसारखी मऊ कातडी असते. ऑगस्टच्या सुमारास ही कातडी झाडांवर घासून काढतात, तेव्हा शिंगांवरून रक्ताळलेल्या चिंध्या लोंबताना दिसतात. जखम नाही ती, घाबरू नका.

पडलेलं शिंग सापडलं तर घरी नेऊ का?

नको. नेण्याची परवानगी नाही. आणि हरणंच ती शिंगं चघळतात, त्यातून त्यांना चुना मिळतो.

कोणत्या महिन्यात यावं?

आमच्याकडचे पाहुणे मे-जूनमध्ये येतात, कारण मुंबई-पुण्यात तेव्हा उकडतं. हा काळ सुंदर आहे, पण हरणांच्या दृष्टीनं नाजूक आहे. मे ते जुलै पिल्लं होतात. माद्या पिलाला उंच नेच्यात लपवून चरायला जातात. एखादं ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू एकटं दिसलं तर ते "हरवलेलं" नसतं. आई पन्नास पावलांवरून तुमच्याकडेच बघत असते. हात लावू नका, फोटोसाठी वाकूसुद्धा नका. या दिवसांत कुत्र्याला पट्ट्याशिवाय सोडायचं नसतं. माद्या कुत्र्यावर सरळ धावून जातात.

निवड माझ्यावर सोडली तर मी ऑक्टोबर सांगेन. सप्टेंबरच्या शेवटापासून नर माजावर येतात. पहाटे धुक्यात उभं राहून लाल सांबराची डुरकणी ऐकली की अंगावर काटा येतो. त्या आवाजाला पर्यायी शब्द शोधायचा मी खूप प्रयत्न केला. वळू डुरकतो तेच सगळ्यात जवळचं. नर चिखलात लोळतात, शिंगांवर नेचा आणि गवत अडकवून आपण आहोत त्याहून मोठे दिसायला बघतात, आणि त्यानंही भागलं नाही तर शिंगाला शिंग लावतात. हा आवाज लंडन शहराच्या हद्दीत, वर विमानं हीथ्रोकडे उतरत असताना ऐकायला मिळतो.

किती जवळ जाता येतं?

पन्नास मीटर. हा किमान आकडा आहे, माजाच्या दिवसांत त्याहून दूर राहा. दीडशे किलोच्या वरचा प्राणी, डोक्यावर भाले आणि मेंदूत फक्त एकच विचार, त्याच्यापुढे मोबाइल धरून उभे राहणारे लोक मी दर वर्षी बघते. दोन नरांच्या मधे किंवा नर आणि त्याच्या माद्यांच्या मधे कधी येऊ नका. हरीण चरायचं थांबून मान वर करून तुमच्याकडे बघायला लागलं, म्हणजे तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात.

कुत्र्यांचं म्हणाल तर 2011 मध्ये फेंटन नावाच्या एका लॅब्रॅडॉरनं इथल्या हरणांचा आख्खा कळप रस्त्यापार पिटाळला होता. मागून ओरडत पळणाऱ्या मालकाचा व्हिडिओ जगभर हसण्यावारी गेला. हरणांना त्यात काहीच गंमत नव्हती.

गाजर, पोळी काही खायला घालू का? हात पुढे केला तर येतात का?

नको. हातचं खायला लागलेलं हरीण माणसाच्या अंगावर यायला शिकतं. डब्यातली पोळीभाजी तुम्ही खुशाल खा, पण प्लास्टिकची पिशवी तिथे सोडू नका. हरणं ती गिळतात आणि पोटात अडकून मरतात.

हिवाळ्यात ती मारतात, असं कुणीतरी म्हणालं. खरं आहे?

खरं आहे. लपवायचं कारण नाही. दर वर्षी दोनशेच्या आसपास पिल्लं जन्मतात. लांडगे या देशातून केव्हाच नाहीसे झाले, आणि भिंतीपलीकडे हरणांना जायला जागा नाही. संख्या अशीच वाढू दिली तर गवत पुरत नाही, मग उपासमार आणि रोगराई येते. म्हणून नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत रात्रीच्या वेळी प्रशिक्षित माणसं ठरावीक संख्येनं हरणं मारतात. त्या आठवड्यांत पायी चालणाऱ्यांसाठीची दारंही रात्री आठ ते सकाळी साडेसातपर्यंत बंद असतात. मांस परवानाधारक व्यापाऱ्यांकडे जातं.

आमच्याकडच्या एका काकांना हे ऐकून जेवण गेलं नाही. मी त्यांना एवढंच विचारलं, की मेळघाटात हे काम वाघ आणि कोळसुंदे करतात तेव्हा आपण त्याला निसर्ग म्हणतो ना? त्यांचं समाधान झालं नाही. माझंही पूर्ण होत नाही. पण दुसरा उपाय मला सुचलेला नाही.

हरणं पाहून झाली. अजून काय बघायचं?

झाडं! खरं तर मी पाहुण्यांना त्यासाठीच नेते, हरणांचं नुसतं निमित्त. इथे सुमारे तेराशे जुनी, जख्ख म्हातारी झाडं आहेत. त्यात बहुतेक ओक. कित्येक भिंतीच्याही आधीची, म्हणजे पहिल्या चार्ल्सनं पार्क कोंडलं तेव्हा ती आधीच मोठी होती. "रॉयल ओक" नावाचा एक आहे, तो साधारण साडेसातशे वर्षांचा मानतात. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळातला. आतून पोकळ, बुंधा फाटलेला, तरीही दर वसंतात पालवी फुटते. त्याच्यासमोर उभं राहून मी हे सांगितलं की सगळे एकदम शांत होतात.

पण हे ओक इतके बुटके आणि जाड का? माझ्या डोळ्यासमोर ओक म्हणजे उंच झाड होतं.

हा प्रश्न विचारणारा पाहुणा मला लगेच आवडायला लागतो.

कोकणातल्या लोकांना उत्तर लवकर कळतं. राबासाठी आपण ऐन-किंजळाची कवळं तोडतो ना? बुंधा ठेवायचा, वरच्या फांद्या दर काही वर्षांनी छाटायच्या. इथेही तेच. जळण आणि कुंपणासाठी लोक ओक डोक्याच्या वर, दोन-तीन मीटरवर छाटत. इतक्या वर का? तर नव्या फुटव्यांना हरणाचं किंवा गुराचं तोंड पोहोचू नये म्हणून. असं छाटलेलं झाड उंच होत नाही, रुंद होतं. वरचा भार कमी असल्यामुळे वादळातही टिकतं. न छाटलेल्या झाडापेक्षा ते किती तरी जास्त जगतं. छाटण्यामुळे आयुष्य वाढलं, हे आधी ऐकताना उलटं वाटतं.

आता एक गोष्ट लक्ष देऊन बघा. माळावरच्या बहुतेक झाडांच्या पालवीची खालची कड एका ओळीत कापल्यासारखी सपाट असते. माळ्यानं कापलेली नाही ती. हरणाची मान वर जिथपर्यंत जाते तिथपर्यंतची ती रेघ आहे. एकदा दिसली की मग सगळ्या पार्कभर तीच दिसत राहते.

मग तुटलेली, वाळलेली झाडं इथे तशीच का पडलेली आहेत? साफसफाई करत नाहीत?

माझ्या आईनं पहिल्या दिवशी हेच विचारलं, तेही नाक मुरडून. आपल्याला सुकलेली फांदी म्हणजे जळण किंवा कचरा. 1987 च्या ऑक्टोबरमधल्या आणि 1990 च्या जानेवारीतल्या वादळांनी बरीच झाडं आडवी झाली. त्यांतली काही मुद्दाम तशीच राहू दिली, कारण मेलेल्या ओकवर जिवंत ओकइतकीच गर्दी असते. अळंबी, वटवाघळं, ढोलीत राहणारी घुबडं आणि सगळ्यात महत्त्वाचे भुंगे. या पार्कात भुंग्यांच्या तेराशेहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यातला स्टॅग बीटल तर पाहण्यासारखा: नराच्या जबड्याला सांबराच्या शिंगासारखी वळणं असतात. त्याची अळी कुजणाऱ्या लाकडात कित्येक वर्षं काढते आणि शेवटी भुंगा होऊन बाहेर पडला की काही आठवड्यांचंच आयुष्य उरतं. जून-जुलैच्या उबदार संध्याकाळी तो उडताना दिसतो; अंगावर येतोय असं वाटतं, पण चावायला नाही येत.

म्हणून ओंडका दिसला तर त्यावर बसा, पण लाकूड मोडून नेऊ नका. ओकची फळं, चेस्टनट, अळंबी काहीच गोळा करायची परवानगी नाही. हिवाळ्यापूर्वी अंगावर चरबी धरण्यासाठी हरणांना तीच फळं लागतात. काही जुन्या झाडांभोवती कुंपण घातलेलं दिसेल, ते झाडाच्या रागापायी नव्हे, आपल्या पायांपायी. शेकडो पावलांनी जमीन दाबली गेली की मुळांना हवा-पाणी मिळत नाही.

हे पोपट आपलेच ना?

आपलेच! कंठाला गुलाबी-काळी वळी, लाल चोच, तोच कर्कश आवाज. पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याचा इथे नेहमी गोंधळ होतो: "एवढ्या थंडीत राघू?" लंडनमध्ये पाळलेले पोपट निसटून 1969 पासून इंग्लंडात रानात विणीला लागले. आनुवंशिक अभ्यासात ते मुख्यतः उत्तर भारत आणि पाकिस्तानकडचे असल्याचं दिसतं. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनं दोन पोपट सोडले आणि त्यांचा हा विस्तार, अशी एक दंतकथा इथे मोठ्या चवीनं सांगतात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं ती खोडून काढली. इथल्या म्हाताऱ्या ओकांच्या ढोल्या म्हणजे त्यांच्यासाठी फुकटचं घर. स्थानिक पक्ष्यांची घरं बळकावतात म्हणून पक्षीप्रेमी त्यांच्यावर नाराज असतात. मला त्यांच्यावर रागवता येत नाही. हे माझं पक्षपाती मत आहे, मान्य आहे.

इतर पक्षी?

हरणांच्या पाठीवर बसून केस उपटणारा जॅकडॉ, कावळ्याचा छोटा भाऊबंद. त्या केसांनी तो घरटं मऊ करतो. आपल्याकडे म्हशीवर कोतवाल बसतो, त्याची आठवण होते. हिरवा सुतारपक्षी जमिनीवर मुंग्या टिपताना दिसतो, कारण माळभर पिवळ्या मुंग्यांची वारुळं आहेत आणि त्यातली काही शंभर वर्षांहून जुनी आहेत. (त्यांच्यावर पाय ठेवून फोटो काढू नका.) आकाशात चंडोलाचं गाणं असतं, त्याची घरटी जमिनीवर असतात, म्हणून त्या भागात वाट सोडायची नाही.

आजोबांना फार चालवत नाही. त्यांना कुठे बसवावं?

रिचमंड गेटजवळचं पेम्ब्रोक लॉज. चहा मिळतो, बसायला जागा आहे, आणि थेम्सच्या खोऱ्याचा देखावा समोर. पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल यांना 1847 मध्ये राणीनं ही वास्तू राहायला दिली. त्यांचा नातू, तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल, इथेच वाढला. आवारातच किंग हेन्री माउंड नावाचा उंचवटा आहे. तिथल्या दुर्बिणीतून, झाडीतल्या एका मुद्दाम राखलेल्या झरोक्यातून, 16 किलोमीटरवरच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचा घुमट दिसतो. ही दृष्टिरेषा कायद्यानं सुरक्षित आहे. आपली राणी ॲन बुलीन हिच्या शिरच्छेदाची खूण बघायला आठवा हेन्री इथे उभा होता, ही गोष्ट पाहुण्यांना सांगायला छान आहे, पण खरी नाही. 19 मे 1536 च्या त्या संध्याकाळी तो विल्टशरमध्ये होता.

एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला आलात तर इझाबेला प्लँटेशन चुकवू नका. झऱ्याच्या काठी अझेलियाचे ताटवे फुललेले असतात. इथे हरणं नसतात, म्हणूनच फुलं टिकतात.

कपडे, बूट, बाकी काळजी?

वाटा चिखलाच्या आहेत, साडी आणि चप्पल चालणार नाही. आईला पटवायला मला दोन दिवस लागले. पूर्ण पायघोळ पँट आणि मोजे घाला, कारण गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यातून लाइम रोग होऊ शकतो. घरी आल्यावर अंग तपासा. मे ते जुलै ओकच्या खोडावर रांगेनं चालणारे केसाळ सुरवंट दिसले तर हात लावू नका. अंगाला भयंकर खाज सुटते. ही कीड 2006 मध्ये लंडनच्या पश्चिम भागात पहिल्यांदा सापडली.

परतताना गेट बंद झालं तर?

गाडी असेल तर अंधार पडायच्या आत बाहेर पडा. गाड्यांची दारं सकाळी उन्हाळ्यात सातला आणि हिवाळ्यात साडेसातला उघडतात आणि सूर्यास्ताच्या सुमाराला बंद होतात. वेळ दारावर लिहिलेली असते. पायी असाल तर नोव्हेंबर-फेब्रुवारीतले ते ठरावीक आठवडे सोडून काळजी नाही. गाडीचा वेग ताशी 20 मैलांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि एक हरीण रस्ता ओलांडून गेलं तर थांबूनच राहा, त्याच्या मागून आणखी दहा येत असतात.

डिसेंबरात साडेतीनलाच झाकोळायला लागतं. पाहुण्यांना चहासाठी तीनला पेम्ब्रोक लॉजमधून उठवायला सुरुवात करा, तेव्हा कुठे चारपर्यंत सगळे गाडीत बसतात.